टीव्हीवरची वारी आणि घरातली दोन लहान मुलं: 'वारीचा डबा' पूर्ण १८ दिवस वापरून लिहितेय

आधी सांगते, हा डबा म्हणजे टीव्हीवर वारी बघताना मुलांच्या हाताशी द्यायच्या वस्तूंचा संच, आणि तो मी काही खेळणं म्हणून घेतला नव्हता. आमच्याकडे जून-जुलैमध्ये संध्याकाळी टीव्हीवर फक्त पालखी सोहळा असतो कारण सासूबाई आमच्याबरोबर बेंगळुरूला असतात आणि त्या फलटणजवळच्या, पंचवीसेक वर्षं पायी वारी केलेल्या. २०१९ ची वारी त्यांची शेवटची. २०२० ला तर कोणीच चाललं नाही, पादुकाच एसटीनं पंढरपूरला नेल्या, २०२१ ला पण तसंच, आणि नंतर सगळं पुन्हा सुरू झालं तोपर्यंत आईंचे गुडघे गेलेले. तेव्हापासून त्यांची वारी आमच्या हॉलमध्ये. अंघोळ करून, गंध लावून, हातात माळ घेऊन बसतात, आणि प्रस्थानापासून एकादशीपर्यंत जिथून लाइव्ह मिळेल तिथून बघतात.

आणि त्याच हॉलमध्ये माझा मोठा ७ वर्षांचा आणि धाकटी ४ वर्षांची. गेल्या वर्षी रोज संध्याकाळी एकच रडारड, आजी कार्टून लाव, आजी हे कधी संपणार, मग मी एकाच्या हातात मोबाईल दुसरीच्या हातात टॅब देऊन बेडरूममध्ये बसवायचे. आई काही बोलायच्या नाहीत. फक्त आवाज कमी करायच्या, इतका की त्यांना स्वतःलाच ऐकू यायचं नाही. ते मला फार लागलं होतं, त्यामुळे या वर्षी (२०२५) मे महिन्यातच शोधायला लागले की लहान मुलांना हे बघताना हाताशी काय देता येईल, आणि हा डबा सापडला.

विकणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरगुती काम आहे, आणि मी शोधलं तेव्हा असे डबे बनवणारे अजून दोन-तीन जण दिसले, आतलं सामान थोडंफार सारखंच. तेव्हा नावापेक्षा आत काय असावं आणि काय नसावं हे कळलं तर जास्त उपयोग होईल. मला ११५० रुपये प्लस कुरिअर १२० पडले. पुण्याहून पाच दिवसांत आलं, पॅकिंग चांगलं होतं, थर्माकोल वगैरे काही नाही, जुन्या पेपरात गुंडाळलेलं.

आत काय काय होतं: जोडायची छोटी लाकडी पालखी, खऱ्या पितळेच्या छोट्या टाळांचे दोन जोड, कापडी विठोबा आणि त्याचे वेगळे निघणारे कपडे-दागिने, चित्रांची ३० कार्डं, आळंदी ते पंढरपूर वाटेचा घडीचा लांब कागद आणि त्यावर चिकटवायचे स्टिकर, दोन भगव्या पताका, एक रंगवायची वही, बुक्का म्हणून एक डबी, आणि एक छापील कार्ड ज्यावरचा कोड स्कॅन केला की ऑडिओ गोष्टी ऐकता येतात.

आता एकेकाबद्दल, पण सगळ्यांबद्दल सारखं लिहिणार नाही कारण काही गोष्टींनी आमचं घर बदललं आणि काही गोष्टी दुसऱ्या दिवशीच कपाटात गेल्या.

सगळ्यात आधी टाळ. मला वाटलं होतं की टाळ म्हणजे डोकेदुखी होणार, चार वर्षांच्या मुलीच्या हातात पितळेचे टाळ म्हणजे बघायलाच नको. पहिले दोन दिवस झालीच. १९ जूनला माऊलींचं प्रस्थान, आळंदीच्या मंदिरात ती तुडुंब गर्दी, आईंचे डोळे भरलेले आणि इकडे ही दोघं टाळ बडवतायत, कसलाच ठेका नाही. मी काढून घेणार होते. आई म्हणाल्या राहू दे गं, चोपदार येऊ दे. मला कळेना कोण चोपदार. मग त्यांनी दोघांना समोर बसवून समाजआरतीचं सांगितलं आणि हे मलाही एवढं नीट माहीत नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

पालखी संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर पोचली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा एकच कल्लोळ चालू असतो, आणि मग चोपदार, म्हणजे सोहळ्यात शिस्त राखणारे, हातातला चोप (दंड) वर करतात की सगळं शांत. हजारो माणसं आणि चिडीचूप. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, कुणाला काही त्रास झाला असेल, ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, त्याचा निकाल लावतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, दुसऱ्या दिवशी पालखी किती वाजता हलणार ते सांगतात आणि आरती होते. म्हणजे तक्रार करायला ओरडायचं नाही, भांडायचं नाही, टाळ वाजवायचे आणि वाट बघायची.

हे ऐकल्यावर माझ्या मुलाचे डोळे असे झाले की विचारू नका. त्याने लगेच लाटणं आणलं आणि आजीच्या हातात दिलं, आजी तू चोपदार. त्या दिवसापासून आमच्याकडे असं चालू झालं की आजीने लाटणं वर केलं की टाळ बंद, आणि ज्याची तक्रार आहे त्याने वाजवत राहायचं. धाकटीची पहिली तक्रार, दादानं माझी पताका घेतली. आजीने मान हलवत ऐकून घेतलं, निकाल दिला, पताका परत. दुसरी तक्रार, भूक लागली. मग एके दिवशी तर कहर, टाळ वाजतायत वाजतायत, आजी गेली विचारायला, तर म्हणे मला मेंढ्या दिसल्या नाहीत. त्या मेंढ्यांचं पुढे सांगते.

डब्यातल्या माहितीपत्रकात टाळांबद्दल फक्त एक ओळ आहे, 'टाळ वाजवून भजनात सहभागी व्हा'. समाजआरतीचं एक अक्षर नाही. मला वाटतं बनवणाऱ्यांनी हे जरूर छापावं, कारण चार वर्षांच्या मुलाला गप्प बस म्हणून ते बसत नाही पण चोप वर झाला की गप्प व्हायचं हा खेळ त्याला लगेच कळतो, आणि खेळ असूनही तो खोटा नाही, खरोखर रोज संध्याकाळी पालखी तळावर तेच होतं. आम्ही दोन वेळा ऑनलाइन लाइव्हमध्ये समाजआरती बघितली, आणि चोप वर गेला तेव्हा माझी चार वर्षांची मुलगी बेंगळुरूच्या सोफ्यावर तोंडावर हात ठेवून बसली होती.

कार्डं. ३० कार्डं आहेत, जाड पुठ्ठ्याची, चित्रं हाताने काढलेली आणि फार गोड. वीणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेली बाई, नगाऱ्याची बैलगाडी, रथाचे बैल, अब्दागिरी, चोपदार, माऊलींचा अश्व, गंध लावलेला पोलीस, इरलं घेतलेले आजोबा, फुगडी, पाण्याचा टँकर, अशी. टीव्हीवर ते दिसलं की कार्ड उचलून पाटावर ठेवायचं. एवढाच नियम. हे एकदम हिट. मुळात पालखीचं प्रक्षेपण तासन् तास एकसारखं वाटतं, सगळीकडे पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या आणि भगव्या पताका, लहान मुलाच्या नजरेला त्यात धरायला काही नसतं. कार्ड हातात आलं की नजर शोधायला लागते. माझा मुलगा टँकरसाठी जीव टाकायचा, टँकर दिसला की उडी. आणि मग आपोआप विचारतो की टँकर का आहे, तर मग आजी सांगते की एवढ्या माणसांना प्यायला पाणी नको का, आणि पूर्वी टँकर नव्हते तेव्हा ओढ्या-विहिरीचं प्यायचो, आणि मग आजीच्या गोष्टी सुरू. मला स्वतःला त्यातल्या निम्म्या माहीत नव्हत्या. लग्नाला ११ वर्षं झाली.

आता मेंढ्या. ३० पैकी एक कार्ड मेंढ्यांच्या रिंगणाचं आहे. धाकटीला मेंढ्या फार आवडतात, तिने ते कार्ड पहिल्या दिवसापासून हातात धरून ठेवलेलं. पण मेंढ्यांचं रिंगण होतं काटेवाडीला, बारामतीजवळ, आणि ते तुकोबांच्या पालखीचं. माऊलींच्या वाटेवर काटेवाडी लागतच नाही. डब्यात नकाशा फक्त माऊलींच्या वाटेचा आणि कार्डं मात्र दोन्ही पालख्यांची मिसळलेली, कुठे काही खुलासा नाही. आम्ही आठवडाभर माऊलींचंच प्रक्षेपण बघत बसलो आणि पोरगी रोज मेंढ्यांची वाट बघायची, शेवटी तिने टाळ वाजवून तक्रार केली तेव्हा आईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, अगं त्या मेंढ्या तुकोबांकडं, उद्या-परवाच असतील. मग आम्ही काटेवाडीचं लावलं आणि त्या मेंढ्या पालखीभोवती पळाल्या, आणि परटांनी अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्या पण दिसल्या, आणि मुलीने कार्ड पाटावर ठेवलं ते इतक्या हळू ठेवलं जसं काही मेंढीच ठेवतेय.

पण ही चूकच आहे आणि मी विकणाऱ्यांना तसं कळवलं. कार्डाच्या मागे नुसतं 'माऊली' किंवा 'तुकोबा' छापलं असतं तरी भागलं असतं. ज्यांच्या घरी आजी नाही त्यांच्या मुलांना मेंढ्या शेवटपर्यंत दिसल्या नसत्या.

वाटेचा कागद. साधारण दीड मीटर लांब, भिंतीवर लावायचा. आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. रोज एक स्टिकर, आणि दोरीला अडकवलेली पुठ्ठ्याची पालखी पुढे सरकवायची. कल्पना फार छान, कागद छान, चित्रं छान, दिवे घाटाचा चढ वाकवून दाखवलाय, जेजुरीला पिवळा भंडारा, नीरेच्या पुलाशी पादुकांच्या स्नानाचं चित्र. स्टिकर मात्र एकदम फालतू. बेंगळुरूच्या जूनच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी सगळे खाली. लोणंदपर्यंत मी रोज सकाळी जमिनीवरून गावं उचलत होते, मग सरळ फेव्हिकॉल लावला.

एक गोष्ट मात्र या कागदाने केली जी मला अपेक्षित नव्हती. पुण्यात पालखी दोन दिवस थांबते तर पुण्याला दोन स्टिकर आहेत, सासवडला पण दोन. मुलाला प्रश्न पडला की पुढे का जात नाही. मग त्याला कळलं की पुण्यात माऊली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या मंदिरात आणि तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात, आणि त्याचा मामा तिथून जवळच राहतो, मग मामाला व्हिडिओ कॉल, मामाने गर्दीतून पालखीचं दर्शन दाखवलं. त्या दिवशी टीव्हीपेक्षा मामाचा हलणारा फोन जास्त बघितला गेला आणि आईंनी फोनलाच हात जोडले.

घोड्यांचं पण सांगायलाच हवं. आमच्या मुलाचे सगळे मित्र कन्नड, शाळेत तो वारी वारी करत होता तर त्यांना कळेना काय. माहितीपत्रकात लिहिलंय की माऊलींच्या सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात, अंकलीपासून आळंदीपर्यंत चालत. बास, अंकली म्हणजे कर्नाटक, तो शाळेत जाऊन सांगून आला की घोडे आपल्याकडचे आहेत. मग शेजारची दोन मुलं रिंगण बघायला आमच्याकडे आली. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण (वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून घोडे धावतात ते) झालं ते चौघांनी बघितलं, दोन घोडे, एकावर पताका घेतलेला स्वार आणि दुसऱ्यावर कोणीच नाही. शेजारचा छोटा म्हणाला त्याच्यावर कोण बसलंय, तर माझी धाकटी एकदम खात्रीने म्हणाली, माऊली बसलेत, दिसत नाहीत. कोणी शिकवलं नव्हतं, म्हणजे आजीने कधीतरी सांगितलं असणार.

नंतर पुरंदवड्याच्या गोल रिंगणाला आम्ही हॉलमधलं टीपॉय बाजूला केलं, मध्ये लाकडी पालखी ठेवली आणि मुलं तिच्याभोवती धावली. टीव्हीवर घोडे गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावतात, ते बघून धाकटीने टीव्हीच्या खालच्या फरशीला हात लावून कपाळाला लावला. मी बघत राहिले. रिंगणानंतर उडीचा खेळ होतो, टाळकरी पालखीभोवती बसून वाकून उठून टाळ वाजवतात, तो तर त्यांनी हुबेहूब केला, आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना मी आधीच जाऊन सांगून आले होते की अर्धा तास आवाज होईल.

लाकडी पालखी बरी आहे. चिंचेच्या पानाएवढ्या खुंट्या आहेत, मोठ्याने माझ्या मदतीने जोडली, छत थोडं डगमगतं. पादुका मात्र रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या दिल्यात, त्या लाकडाच्या हव्या होत्या. आईंनी त्यावर रोज एक तुळशीचं पान ठेवलं, पुठ्ठा आहे की लाकूड त्यांना फरक पडला नाही, मला पडला.

आता नाराजीच्या गोष्टी, आणि एक गंभीर आहे म्हणून ती आधी. विठोबाच्या गळ्यातली तुळशीमाळ. खऱ्या छोट्या मण्यांची आहे, दोरा कच्चा. डब्यावर छापलंय '३ वर्षांपुढील मुलांसाठी'. चौथ्या दिवशी दोरा तुटला आणि मणी घरभर, आणि धाकटीने एक नाकाजवळ नेलेला मी पकडला. ज्यांच्याकडे याहून लहान बाळ आहे त्यांनी तर ही माळ डबा उघडल्याबरोबर काढूनच ठेवावी, कापडी माळ शिवून घाला. मी विकणाऱ्यांना फोटो पाठवून सांगितलं, त्यांनी माफी मागितली, दुसऱ्या आठवड्यात लोकरीची विणलेली माळ फुकट पाठवली आणि पुढच्या डब्यांत तीच घालू म्हणाल्या. वागणूक चांगली होती हे पण लिहायला हवं. पण मुळात अशी वस्तू लहान मुलांच्या डब्यात जायलाच नको होती.

बुक्का म्हणून जी डबी आहे त्यात नुसती काळी पावडर आहे, वास नाही काही नाही. बुक्क्याला एक वास असतो, तो आला की पंढरपूर आठवतं, आई तरी तसंच म्हणतात. त्यांनी ती पावडर हुंगली आणि झाकण लावून परत दिली. वर सोफ्याच्या कव्हरवर डाग पडला तो दोन धुण्यांत गेला नाही. आईंच्या स्वतःच्या डबीतला बुक्का आणि गोपीचंदन वापरलं आम्ही नंतर.

रंगवायची वही नको होती. खरंच नको होती. वीस पानं, बाराखडीसारखी, 'प' पताकेचा 'व' वीणेचा, खाली रेघा गिरवायला. मोठ्याने पहिलं पान उघडलं आणि विचारलं, हा होमवर्क आहे का. बंद केली. कार्डं आणि टाळ यांच्यामुळे मूल टीव्हीकडे बघतं, वहीमुळे मान खाली घालून टीव्हीकडे पाठ करतं. त्या वहीचे पैसे कमी करून स्टिकर आणि माळ चांगली द्यावी.

ऑडिओ गोष्टी. संतांच्या आहेत, सांगणारीचा आवाज गोड, मुक्ताबाईच्या मांडे भाजण्याची गोष्ट दोघांना आवडली. पण त्या प्रक्षेपणाच्या वेळी नाही ऐकता येत, दोन आवाज एकत्र होतात. आम्ही रात्री झोपताना लावल्या. जाहिरातीच्या वेळात लावायला दोन-दोन मिनिटांचे तुकडे असते तर फार उपयोग झाला असता, कारण मुलं हातची जातात ती जाहिरातीतच, एकदा उठून गेली की परत आणणं अवघड.

कापडी विठोबा शेवटी ठेवला कारण तो डब्यातही शेवटीच उघडायचा आहे. वेगळ्या लाल पिशवीत गाठ मारून येतो, वर लिहिलंय 'आषाढी एकादशी'. मुलांनी १८ दिवस ती पिशवी देवघरासमोर ठेवून बघितली, उघडली नाही. रोज हात लावून बघायची फक्त.

यंदा (२०२५) एकादशी ६ जुलैला, रविवारी. शासकीय महापूजा पहाटे सव्वादोन-अडीचच्या सुमारास असते, सह्याद्रीवर थेट दाखवतात. मी ठरवलं होतं मोठ्याला उठवायचं, धाकटीला सकाळी रेकॉर्डिंग दाखवू. तर झालं उलटं, मोठा गाढ झोपला, उठता उठेना, आणि धाकटी आजीच्या पायांचा आवाज ऐकून आपणहून येऊन बसली, पांघरूण घेऊन. मग आम्ही तिघीच. मी, आई आणि ती.

मुख्यमंत्र्यांबरोबर मानाच्या वारकऱ्यांचं जोडपं असतं, रांगेत दर्शनाला उभं असलेलं, त्यांना थेट गाभाऱ्यात पूजेला बसवतात आणि वर्षभराचा एसटीचा पास देतात. यंदा नाशिक जिल्ह्यातलं जोडपं होतं. त्या बाईंचा चेहरा दिसला आणि आई एकदम म्हणाल्या, बघ कशी उभी आहे, तिला कळतच नसेल काय झालंय. २०२० ला रांगच नव्हती म्हणून मंदिरात वीणेचा पहारा देणाऱ्या वारकऱ्याला तो मान मिळाला होता, ते आईंना अजून लक्षात आहे, तेव्हा पण त्या अशाच रडल्या होत्या.

आणि मग आम्ही पिशवी सोडली. विठोबा एक वीतभर, काळ्या सुती कापडाचा, हात कमरेवर शिवलेले, पायाखाली विटेच्या रंगाची छोटी गादी. बरोबर पिवळा पीतांबर, अंगी, शेला, माशांच्या आकाराची दोन कुंडलं, मुकुट, सगळं वेलक्रोचं. टीव्हीवर पंचामृताचं स्नान चालू होतं, दूध, दही, तूप, मध, साखर. धाकटीने रिकाम्या वाटीने एकेक घातलं, प्रत्येकाला नाव विचारून. तिकडे अंग पुसलं की इकडे तिने पांघरुणाच्या टोकाने पुसलं. तिकडे पीतांबर, इकडे पीतांबर. कुंडलं आली तेव्हा म्हणाली मासे का, आई म्हणाल्या मकरकुंडलं म्हणतात त्याला. मुकुट घालून झाल्यावर तिने त्याला उभं केलं, तो उभा राहत नाही, तळ नीट भरलेला नाही, ही पण एक तक्रार, तर तिने आजीच्या मांडीला टेकवून उभा केला. पुढे रुक्मिणीमातेची पूजा सुरू झाली तेव्हा तिने पिशवीत हात घालून शोधलं. रुक्मिणी नव्हती. तिने टाळ उचलले आणि वाजवायला लागली, पहाटे तीन वाजता, हळूहळू, आजीकडे बघत.

आजीने चोप वर केला आणि विचारलं, काय तक्रार आहे माऊली. रखुमाई नाही. आजीने खरंच विचार केला थोडा, आणि उठून आपल्या जुन्या नऊवारीच्या काठाचा तुकडा आणला. सकाळपर्यंत एक रखुमाई शिवून तयार होती, डोळे काळ्या दोऱ्याचे. बनवणाऱ्यांनी हे पण बघावं, डब्यात रुक्मिणी हवीच, महापूजा दोघांची असते.

सकाळी मोठा उठला तर त्याला फार वाईट वाटलं, मग साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस खात खात त्याने रेकॉर्डिंग बघितलं आणि धाकटीने त्याला पूजा शिकवली, असं नाही दादा आधी दही.

कोणासाठी घ्यावा: ३ ते ८ वर्षांची मुलं असतील, घरात कोणीतरी खरंच प्रक्षेपण बघणारं असेल, आणि तुम्ही स्वतः बरोबर बसणार असाल तर घ्या. मुलांना डबा देऊन आपण स्वयंपाकघरात जाऊ असं असेल तर अर्ध्या तासात टाळ भिंतीवर आपटतील. मी पहिल्या आठवड्यात तसं दोनदा करून बघितलं, जमलं नाही. आणि रोज पूर्ण बसवायचा हट्ट पण नको, आम्ही रोज ४० मिनिटं धरली होती, रिंगणाच्या दिवशी जास्त, बाकी वेळ मुलं खेळायला मोकळी. ज्यांना ११५० जास्त वाटतात, आणि मला ते थोडे जास्तच वाटले, त्यांनी बाजारातून लहान टाळ आणा, कार्डं घरी काढा, वाटेतल्या गावांची नावं जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहा, एवढ्यावर पाऊण काम होतं. विठोबा मात्र तसा घरी शिवणं मला जमलं नसतं, त्यासाठी मी पैसे पुन्हा देईन. ज्येष्ठाच्या सुरुवातीलाच मागवा, शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडे संपला होता असं मैत्रिणीला कळलं.

अजून एक राहिलंच. डबा एकादशीला संपतो. नकाशा पंढरपूरला संपतो, स्टिकर संपतात, माहितीपत्रकात शेवटी 'वारी पूर्ण झाली' असं लिहिलंय. मोठ्याने ते वाचलं आणि आजीला विचारलं, मग माऊली घरी कशा जातात. आई म्हणाल्या, पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, मग पालख्या परत निघतात, त्याच वाटेनं, पण तेव्हा टीव्हीवाले नसतात, गर्दी नसते, थोडीच माणसं असतात. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग नकाशा भिंतीवरून काढून उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने पंढरपूरपासून गावं लिहायला बसला, आजी सांगतेय आणि तो लिहितोय, वाखरीचं स्पेलिंग विचारत. काला झाला त्या दिवशी आम्ही दही-पोहे केले. आता टीव्हीवर काहीच नाही तरी रोज संध्याकाळी सात वाजता दोघं येतात, पुठ्ठ्याची पालखी एक गाव मागे सरकवतात आणि आजी लाटणं वर करते.